शकूताईंचा मंगळवार

दर मंगळवारी सकाळी शकूताई रामदासपेठेतल्या एका सांधेदुखीच्या दवाखान्यात जाऊन बसत. नंबर लावत नसत. मांडीवर जाडजूड फाईल घेऊन शेजारच्या बाईला विचारत, "बोटं सुजतात का वं? मंग काविळीचं रक्त तपासलं का?"

प्रताप नगरात त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या ब्लाऊज शिवायच्या. पुढे बोटं सुजली, कात्री धरवेना. याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संधिवाताचं निदान केलं. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली आहे, म्हणाले. ती शक्ती दाबणाऱ्या गोळ्या ताईंनी सहा वर्षं घेतल्या. थकवा वाढला, पाय सुजले, तेव्हा डोस वाढवला.

रक्ताची उलटी झाली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना खरं कारण सापडलं. हिपॅटायटिस सी, काविळीचाच एक प्रकार. बाळंतपणात दिलेल्या रक्तातून विषाणू आला असावा. सांधे तोच सुजवत होता, संधिवाताची तपासणीही त्याच्यामुळेच फसली होती. त्या गोळ्या देण्याआधी करायची साधी रक्ततपासणी कोणी केलीच नव्हती. तीन महिन्यांच्या औषधाने विषाणू गेला, पण यकृत तोवर हातचं गेलं होतं.

तेव्हापासून हे मंगळवार. मीच त्यांना स्कूटरवर नेत असे. एकदा डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि दार लावून हात जोडले. ताई शांतपणे म्हणाल्या, "दार लावून मागितलेली माफी मले नको. बाहेर या अन् सगळ्यायसमोर सांगा."

डॉक्टर आले नाहीत. पुढच्या मंगळवारी ताईंची नेहमीची खुर्ची हलवलेली होती. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

कळमेश्वरच्या एका मुलीने त्यांचं ऐकून रक्त तपासलं. तिलाही तोच विषाणू निघाला. ती पाया पडायला आली तर ताईंनी तिला थांबवलं. "माह्या नको पडू. तो रिपोर्ट डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेव."

त्यानंतर तिथे प्रत्येक नव्या पेशंटची ती तपासणी होऊ लागली. आता तरी सोडा, मी म्हटलं. "काहून सोडू? त्यानं भेऊन केलं," म्हणाल्या, आणि पाणी भरलेलं पोट सावरत स्कूटरवर बसल्या.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टर ताईंच्या घरी आले. बैठक माणसांनी भरलेली. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, माझ्याबद्दल काही बोलल्या का?

मी आवाज मुद्दाम मोठा केला. "बोलल्या ना. तुम्हाला माफ केलं नाही म्हणाल्या."

डॉक्टर दारात चपला शोधत राहिले. कोणी उठलं नाही.