तामलवाडीच्या दोन, तेरच्या दोन: चार सागवानी खुर्च्यांची खरेदी

रूपालीच्या बहिणीच्या हळदीचे फोटो ऑफिसात फिरत होते. सगळ्या नवरी बघत होत्या, मी नवरीच्या मागची खुर्ची बघत होते. सागवान, पाठीला वेताचं विणकाम, कात्रीसारखे फाकलेले तिरके पाय. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची घडण. फोटो मोठा करून पाहिला. सांध्यात एकही खिळा दिसेना.

"ही कुणाची?"

"आमचीच. आजोबांनी कचेरीच्या लिलावातनं चार आणलेल्या. वाटणीत दोन अण्णांना, दोन तेरच्या काकांना." मग तिनं फोन काढून घेतला. "माझी बहीण कशी दिसती ते तरी सांग."

माझ्याकडे जेवणाचं टेबल आहे, खुर्च्या नाहीत. कारण खाजगी आहे. पुण्याच्या एका दुकानात असल्या खुर्चीचा भाव ऐकून मी विचारलं होतं, "टेबलासकट का?" दुकानदार हसला नाही. म्हणून तीन दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं: चारही आणायच्या, नाहीतर एकही नाही. टेबलाला दोनच खुर्च्या असल्या की येणारे प्रश्न विचारतात.

पुण्याहून सोलापूर, तिथून तुळजापूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. तामलवाडी वाटेतच लागतं. मुक्काम तुळजापुरात केला. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळलीत तर लॉजवाला भाव खाली आणतो. खोलीत खुर्ची होती. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

रूपालीच्या घरी अण्णा आणि मावशी, म्हणजे तिचे आईवडील. आधी जेवण: ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी. मग मी टॉर्च काढून खुर्च्या उलट्या केल्या. वेत फाटला असेल तर घाबरू नका, तो पुन्हा विणून मिळतो. सांगाडा बघा. शहाबादी फरशीवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगली तर सांधा गेला. पायांच्या टोकांना बारीक भोकं आणि खाली भुकटी असेल तर निघा, ती किडीनं आधीच घेतलेली आहे. या दोन्ही ठणठणीत होत्या. मी चेहरा पाडून ठेवला.

"बैल बघावा तसं बघतीय," अण्णा खूश होऊन म्हणाले. त्यांची अर्धी हयात गुरांच्या बाजारात गेलेली.

"काय द्यायचं, अण्णा?"

"आधी तेरला जावा. धाकला किती म्हणतो ते बघा, मग म्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी धाराशिवला बस बदलून तेर गाठलं. तेरला जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे, वेळ काढून बघा. मी पाहिलं नाही. माझ्या जुन्या वस्तू काकांच्या सोप्यात होत्या. तपासणीत त्याही पास. काका म्हणाले, "थोरल्याच्या आधी मी कसा भाव सांगू? त्यांनी किती सांगितला?"

"तुम्हीच फोन करून विचारा की."

"आमी लग्नातच बोलतो."

वाटणीत विहिरीचं पाणीसुद्धा घड्याळ लावून अर्धं केलेलं. त्यामुळं दोघांचंही एकच: आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्याला जास्त मिळता कामा नये. आधी कोण बोलणार, यावर माझ्या चार खुर्च्या अडल्या. संध्याकाळची बस पकडून मी तुळजापूरला परतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तामलवाडीत मीच म्हणाले, "अण्णा, बाजारात बैलाचा भाव कसा करता?"

अण्णा थबकले. मग हसले. बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा कळवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही आणि नंतर विचारायचंही नसतं. म्हणजे धाकट्याला कळायचा प्रश्नच मिटला. अडचण एवढीच, की लेकीच्या मैत्रिणीचा हात अण्णा कसा धरणार?

"मी बसते मधी," मावशी म्हणाल्या.

मावशींचा एक हात अण्णांच्या हातात, दुसरा माझ्या, वर अण्णांचा पंचा. "हजारात हाय," अण्णांनी मोठ्यानं सांगितलं, "दोन्हीचं मिळून." मावशींनी माझी पाचही बोटं धरली. मी मान हलवून त्यांची तीन धरली. पलीकडं निरोप गेला. तेवढ्यात दारातून ऊन आलं. पंचा धुऊन धुऊन विरलेला. आत अण्णांनी मावशींची तीन बोटं धरलेली मला स्वच्छ दिसली. सौदा मान्य होता.

मावशींनी माझी चार धरली.

मी त्यांच्याकडं पाहिलं. तांदूळ निवडताना असावा तसा चेहरा. मी मोजमाप तपासणारी इंजिनिअर आहे. चारात एकाचा फरक मी कुठंच पास करत नाही. इथं केला. अण्णांना तीन दिले. चौथा, भाकरी बांधून घ्यायला मावशींनी आत बोलावलं, तेव्हा डब्याखालून गेला.

तेरला पोचले तर काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, खांद्यावर टॉवेल टाकून तयार. भाऊ लग्नातच बोलतात, पण जावा रोज फोनवर असतात. "आमी बैलावाणी भाव करू," काकू म्हणाल्या. काका चकित: "हिला कुठनं सुचतंय कुणास ठाऊक!" टॉवेल जाड होता, आतलं काही दिसलं नाही. माझी मात्र चारच बोटं धरली गेली. काकांच्या हाती तीन पडले. चौथ्यासाठी मला लोणचं घ्यायला आत जावं लागलं.

पुण्याकडं रिकामा निघालेला टेम्पो काकांनी गाठून दिला. पायांना वाकळा गुंडाळल्या, वाटेत तामलवाडीच्या दोन चढवल्या. भाड्यासकट चार खुर्च्या पुण्यातल्या एका खुर्चीपेक्षा स्वस्त पडल्या. हे छापते आहे, कारण अण्णा आणि काका ब्लॉग वाचत नाहीत. रूपाली वाचते, पण ती आईच्या पक्षात आहे.

आता चारही टेबलाभोवती आहेत. एकही डुगडुगत नाही. परवा अण्णांचा फोन आला.

"धाकल्याला जास्त दिलं न्हाय न्हवं?"

"अण्णा, रुमालाखालचं विचारायचं नसतं."

"व्हय, व्हय. म्हंजी कमीच दिलं." ते इतके खूश झाले की मी दुरुस्ती केली नाही. अर्ध्या तासानं तेरहून काकांनी हेच विचारलं आणि तेही तितकेच खूश झाले.

अण्णांनंतर मावशींनी फोन घेतला होता. "बसाय बऱ्या हायत का गं?"

"मावशी, तुम्हाला माहीत असेल की."

"मला कुठनं? आल्यागेल्या मानसांच्या हुत्या त्या. म्या उभीच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या पैशातनं एक घेतली. हाताची, पलास्टिकची, लालभडक. माझ्या नावाची. तेरच्या जाऊबाईनं पन तसलीच घेतली."

"आणि अण्णा कुठं बसतात?"

"वट्ट्यावर," मावशी म्हणाल्या. "बसू दे की."