बिरादार सरांची दुरुस्ती

देगलूरच्या आठवडी बाजारात भाजी निवडताना, एस.टी.त जागा धरताना, एकदा तर मयतीहून परतताना, माणसाच्या खांद्यावर मागून हात पडायचा आणि खर्जातला आवाज यायचा, "तू आपल्या शाळेचा ना? तुला मी एक चूक शिकवलीय. दोन मिनिटं थांब."

हे आमचे बिरादार सर, भूगोलाचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. थांबलेला माणूस आधी बिचकायचा. मग सर सांगायचे, "उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते, असं मी लिहून दिलं होतं. ते खोडून टाक. तो बर्फ समुद्रावर तरंगतो. तरंगणारा वितळला तर पाणी वाढत नाही, नावापुरतं काय ते. जमिनीवरचा वितळला तर वाढतं." समोरचा "हाव सर, हाव" म्हणून सटकायचा. शाळा सोडून पंधरा-वीस वर्षं झालेल्या माणसाकडे खोडायला वही तरी कुठली असणार?

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. सरांच्या नोट्स आमच्या तालुक्यात पोथीसारख्या जपल्या जायच्या. थोरल्याची वही धाकटीला, धाकटीची चुलत भावाला. पुस्तकात नुसतं 'बर्फ' असं होतं. 'उत्तर ध्रुवावरचा' हे शब्द सरांनी पदरचे घातले होते, आणि वह्यांबरोबर ते घरोघर गेले. वर्गात सरांचं एक ठरलेलं वाक्य असे: "आधी लिहून घ्या, शंका घरी काढा." आम्ही शिक्षकसुद्धा ते वाक्य कौतुकाने सांगायचो. आज त्याची लाज वाटते.

चूक कळली ती धर्माबादच्या एका लग्नात. मे महिना, मांडवात जीव नकोसा झालेला. कुणीतरी सरांच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास दिला. बर्फाचा खडा वर डोकावत होता. सरांनी तो टेबलावर ठेवला आणि बघत बसले. अक्षता पडल्या, पंगत बसली, सर हलेनात. बर्फ पार विरघळला आणि काठावरून पाण्याचा थेंबही सांडला नाही. सरांचा चेहरा उतरला. न जेवताच त्यांनी मला तिथून उठवलं.

वाटेत मी म्हणालो, "सर, दोन मार्कांचा प्रश्न. कशाला एवढं मनावर घेता?"

ते भडकले. वर्गातली शुद्ध भाषा बाजूला पडली. "मार्क पोरांचे होते, चूक माझी हाय. तुम्ही मधी पडू नका."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते त्यांनी मला महिन्याभराने सांगितलं. दहावीच्या वर्गात शोभा नावाची मुलगी होती. तिचे वडील बसस्टँडवर बर्फाच्या गोळ्याची गाडी लावायचे. नोट्स लिहून घेताना तिने हात वर केला होता: "सर, आमच्या बादलीत बर्फ तरंगतो. वितळला तरी पाणी वाढत न्हाई." सर म्हणाले होते, "तू बर्फ विक, भूगोल मी शिकवतो. बस खाली." वर्ग खदाखदा हसला होता.

सर मागच्या श्रावणात गेले. शोकसभेत त्यांच्या शिस्तीवर भाषणं झाली. मला मात्र बिलोलीची ती दुपार सांगायची होती आणि माझ्याने बोलवलं नाही, म्हणून इथे लिहितो.

शोभा बिलोलीला सासरी पिठाची गिरणी चालवते. माझ्या मोटारसायकलवर आम्ही गेलो. सरांना पाहून तिने गिरणी बंद केली, पदर सावरला आणि वाकून नमस्कार करायला निघाली. सर मागे सरकले.

"आधी ऐक. तू बरोबर होतीस. मी चुकलो. वर्ग तुला हसला, तेही माझ्यामुळं."

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. "सर, बर्फाचं मला कायबी ध्यानात न्हाई. पण दहावीत एकदा हात वर केल्ता, अन् मग कवाच केला न्हाई. ते ध्यानात हाय."

सर खाली ज्वारीच्या पोत्यावर बसले. माणूस रडेल असं वाटलं. मग म्हणाले, "आता विचार. जे असेल ते विचार."

ती संकोचली, पण विचारलंच. "पाणी वाढत न्हाई, तर मग बर्फ वितळला म्हनून बिघडलं काय?"

सर जणू फळ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, चुना मारलेल्या गच्चीसारखं. तो गेला की खाली काळं पाणी. ते आपल्या काळ्या रानागत ऊन पिऊन तापतं, आणि आणखी बर्फ खातं. दुसरं म्हणजे, त्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ लागतं. उलटं रानच समज. त्याच्यावर बारके जीव चरतात, त्यांच्यावर मासे, माशांवर सील, सीलवर अस्वल. बर्फ गेला की सगळ्यांचं चराऊ रान गेलं."

शोभा पापणी न हलवता ऐकत होती. "मग ती जनावरं जातील कुठं, सर?"

दळणासाठी आलेल्या दोन बायाही डबे खाली ठेवून थांबल्या. सरांच्या घरात कानडी बोलायचे, पण शाळेत त्यांच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी शोभाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गोत्तिल्ला, बाई."

म्हणजे, ठाऊक नाही. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं. कुठल्याच भाषेत हे त्यांच्या तोंडून निघालेलं मला आठवत नाही.

मला वाटलं, आता शोभा हसेल, किंवा चहाचं विचारील. तिने तसं काही केलं नाही. जवळचं दुसरं पोतं ओढून ती सरांच्या समोर बसली आणि पिठाने माखलेला हात तिने खांद्याच्या वर उचलला.

"सर, अजून एक इचारू?"