विमान हललं तेव्हा

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक घटका अशी येते, की त्या घटकेला त्याचा खरा चेहरा त्याच्यासमोर उभा राहतो. हे वाक्य मी निरोपसमारंभांत बऱ्याचदा ऐकलंय. एकदोनदा स्वतःही ठोकून दिलंय. माझ्या बाबतीत ती घटका जमिनीपासून काही मैल वर आली — इकॉनॉमी क्लासमध्ये, संडासापासून दोन रांगा पुढं. समोर उभं होतं ते म्हणाल तर माझी आई होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती तिथंच होती.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. सरळ मुद्द्यावर यायचं धाडस असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवतो. तेव्हा गावाचं नाव वेगळं होतं, मी हाच होतो. माझ्या बायकोला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. ती पुढं गेली. घर लावलं, पाळणाघर शोधलं, नळ कसा उघडायचा तेसुद्धा फोनवर समजावलं. मागून मी दोन मुलांना घेऊन जायचं होतं. शिष्यवृत्ती तिला मिळाली, पण सत्कार माझा झाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो मोठा, तिचा एका कोपऱ्यात, आणि मधे पुढाऱ्यांची रांग. मी आयुष्यभर या असल्या शाल-नारळांची टिंगल केलेली. त्या दिवशी मात्र नवा कोट शिवून गेलो, आणि भाषण जरा लांबलंच.

दोन लहान मुलं एकट्या बापानं एवढ्या लांब न्यायची कशी? तर आई म्हणाली, "म्या येते की. मला काय, हितं शेळ्या राखायच्यात व्हय?"

शेळ्या तिच्याकडं खरंच होत्या. त्या तिनं शेजारणीकडं सोपवल्या आणि पासपोर्टसाठी फोटो काढायला आली. पासपोर्टावर तिची जन्मतारीख एक जून पडली. आमच्या गावात निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेच्या मास्तरांनी सोयीसाठी जन्माला घातलेली माणसं सगळी.

आमचं गाव सास्तूरकडचं. तिथून निघालो, वाटेत ढाब्यावर चहा घेतला, मग हैदराबाद. गाडीत रेवा — माझी थोरली, चार वर्षांची — आजीच्या मांडीवर, आणि धाकटा माझ्या मांडीवर. त्याचं ठेवलेलं नाव फार भारदस्त आहे, पण सगळे बाळ्याच म्हणतात. आईच्या पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी, ओव्याची पुरचुंडी आणि कानात घालायला तेल. तेलाची बाटली विमानतळावर काढून घेतली. आई त्या पोलिसबाईला म्हणाली, "ठिवा तुमालाच. सर्दी झाल्यावर कामाला यील." बाई हसली. आजही त्या रस्त्यानं गेलो की धपाट्याचा वास येतो. ढाब्यावरून येत असेल; मला तो आईच्या पिशवीतला वाटतो.

पहिलं विमान आखाती देशापर्यंतचं. ते कसंतरी पार पडलं. दुसरं लांबचं — जेवा, झोपा, उठा, पुन्हा जेवा, तरी संपेना असलं. मधल्या रांगेत आम्ही ओळीनं बसलो. तुम्ही लहान पोरं घेऊन असा प्रवास केला असेल, तर मी काय सांगू? नसेल केला, तर मी काय सांगू?

बाळ्याचे कान दुखायला लागले आणि त्यानं जो सूर लावला तो सोडला नाही. रेवाला दर थोड्या वेळानं "आलं का?" एवढंच विचारायचं होतं. तिनं रस माझ्या सत्काराच्या कोटावर सांडला, बाळ्यानं त्यावर दूध काढलं. आईनं पिशवीतून आपलं जुनं लुगडं काढलं आणि दोन खुर्च्यांच्या हातांना बांधून झोळी केली. हवाईसुंदरीनं येऊन सोडली. आईनं पुन्हा बांधली. तिनं पुन्हा सोडली. दोघींचंही चुकत नव्हतं. शेवटी आईनं बाळ्याला पदराखाली घेतलं, धपाट्याचा तुकडा चघळायला दिला, पाठीवर थोपटत राहिली. तुकडा गिळला की त्याचे कान मोकळे व्हायचे, आणि तेवढ्यापुरता तो गप्प बसायचा. पुढच्या-मागच्या लोकांच्या माना वळत होत्या. आईला त्या माना दिसतच नव्हत्या. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि मग — पुढं एक जागा रिकामी आहे असं मला कळलं.

कळलं म्हणजे काय, मी शोधली. उठून फेरी मारली, पाहिली, हवाईसुंदरीला इंग्रजीत सांगितलं की मला महत्त्वाचं काम आहे. काम काय होतं? काही नव्हतं. आईला म्हणालो, "आई, मला जरा वाचायचंय, पुढं बसतो."

"जा की," ती म्हणाली. "म्या हाय ना. तू कशाला जागतूस?"

एवढं सोपं होतं ते. मी गेलो.

शेजारी एक गृहस्थ होते, हैदराबादचे, इस्त्री न मोडलेल्या कोटातले. हातात जाडजूड पुस्तक. ते मी वाचलेलं होतं. तुम्हाला कल्पना आहे का, दिवसभर ओकाऱ्या पुसल्यावर कुणी आपल्याशी पुस्तकाबद्दल बोलतं तेव्हा काय होतं? मी पुन्हा प्राध्यापक झालो. नुसता प्राध्यापक नाही, विचारवंत झालो. मागून बाळ्याचा सूर पुन्हा सुरू झाला तेव्हा ते गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, "काही लोक विमानात बसतात तेही अख्खं गाव घेऊन." मी हसलो. नुसता ओठांनी नाही — चांगला मोकळा हसलो. माझं अख्खं गाव मागं बसलं होतं, आणि मी हसलो.

पण हे ते नव्हे. ते पुढं आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. त्र्याण्णवच्या भूकंपात मी सातवीत होतो. आमचं घर माळवदाचं — दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड छत. आईनं मला हाताला धरून झोपेतच अंगणात ओढलं. वडिलांना उठवायला ती वळली, तोवर वळायला दार उरलं नव्हतं. यापलीकडं ती त्याबद्दल कधी बोलली नाही, मीही बोलणार नाही.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग नव्या वसाहतीतल्या घरात तिची एक सवय झाली. रस्त्यानं ट्रक गेला, मांडणीवर भांडी वाजली, की ती उठायची. ओरडायची नाही. घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांना हाताला धरून दाराशी आणायची. मोजून घ्यायची. सगळी आली, मगच बाहेर. एखादा मागं राहिला तर जमलेल्यांना घेऊनच त्याला आणायला पुन्हा आत. मी कॉलेजात असताना सुट्टीत घरी आलो की पावसाच्या गडगडाटात ती माझ्या उशाशी उभी असायची — "दिगू, ऊठ. भाईर चल." आणि मी, इतिहासाचा हुशार विद्यार्थी, मुकाट्यानं उठून अंगणात जाऊन उभा राहायचो. ओला व्हायचो. शेजारचेही उभे असायचे; आमच्याकडं कुणी कुणाला हसत नसे. मग तिथंच चूल पेटायची, चहा व्हायचा. आता वाटतं, आयुष्यात इतका चांगला चहा मी नंतर कुठं प्यायलो नाही.

तर ते विमान हललं.

फार नाही. खड्ड्यातून एसटी जावी तेवढंच. पट्टे बांधायचा दिवा लागला, वरच्या कप्प्यांची झाकणं खडखडली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पान उलटलं.

आणि आई मधल्या वाटेनं येताना दिसली. कडेवर बाळ्या, दुसऱ्या हाताला अर्धवट झोपेतली रेवा. पदर खोचलेला, पायांत चप्पल नाही. आता तुम्ही म्हणाल, अडाणी बाई, तिला काय कळणार. तसं नव्हतं. विमान आभाळात आहे हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पहिल्या विमानात तिनंच रेवाला खिडकीतून ढग दाखवले होते. पण हातपाय काही डोक्याला विचारून उठत नाहीत. खडखडाट झाला, तिनं पोरं उचलली. आणि विमानाचं दार मागंही होतं, तिच्या जागेपासून जवळच. ती तिकडं गेली नाही. एक माणूस कमी होता.

ती माझ्या रांगेपाशी थांबली. माझ्या खांद्याला हात लावला. हळूच म्हणाली, "दिगू, ऊठ. भाईर चल."

हवाईसुंदरी मागून धावत आली. आधी आईला इंग्रजीत समजावलं, मग हिंदीत. मग माझ्याकडं वळली — माझ्या खांद्यावर आईचा हात होता ना — आणि विचारलं, या बाई तुमच्याबरोबर आहेत का?

शेजारच्या गृहस्थांनी पुस्तकातून मान वर केली.

मी म्हणालो, "नो."

झालं. एवढंच. इतकी वर्षं हे सांगायला लागली आणि सांगायला घेतलं तर एका अक्षराचं निघालं.

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण "नो" न कळणारं माणूस आता आमच्या गावात तरी कुणी उरलेलं नाही. तिचा हात खांद्यावरून निघाला. झटक्यानं नाही. कपड्याला लागलेला धागा काढून घ्यावा तसा निघाला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या गृहस्थांकडं, मग माझ्या कोटाकडं. चिडली असती तर? रडली असती, चारचौघांत माझं नाव घेऊन ओरडली असती तर? मी तेव्हाच उठलो असतो का? मला ठाऊक नाही. मी त्याचा फार विचार केलाय, आणि मला ठाऊक नाही.

रेवाचे डोळे उघडले. ती म्हणाली, "बाबा."

आणि आई तिला म्हणाली, "झोपलाय त्यो. झोपू दे. चल."

मी डोळे मिटले. आईनं सांगितलेली एवढी एक गोष्ट मी त्या प्रवासात ऐकली.

नंतर मी मागं गेलो, अर्थातच. उतरायच्या आधी, मुलांचे बूट घालायला. आई म्हणाली, "झालं का वाचून?" त्यात काही टोमणा होता का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. बाळ्या तिच्या मांडीवर गाढ झोपला होता आणि तिचा पाय अवघडला होता, एवढंच सापडलं.

वर्षभर ती आमच्याजवळ राहिली. खिडकीशी बसून बर्फ बघायची. मक्याच्या पिठाच्या भाकरी करायची, त्या मोडायच्या, मग त्याचंच काहीतरी दुसरं करायची. शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईशी तिची मैत्री झाली. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या आणि दोघींचंही समाधान व्हायचं. ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यांत चांगलं वर्ष होतं, असं बायको अजून म्हणते. मलाही तसंच वाटतं, हेच तर विचित्र आहे. त्या "नो"नं काहीच बिघडलं नाही. तिनं बिघडू दिलं नाही.

गावी परतल्यावर विमानाची गोष्ट ऐकायला ओट्यावर बाया जमल्या. मी घरात बॅगा सोडत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"मंग लई हाललं का गं इमान?"

"तर. म्या पोरं उचलली आन् निगाले दिगूला आणायला."

"वर आभाळात कुटं निगाली व्हतीस गं, उडी मारायला?"

"माजं डोस्कं ठिकाणावर व्हतं व्हय? गेले तर ह्यो गाडी लागल्यावानी झोपल्याला. म्हनलं झोपू दे बाबा, दमलाय. जागा असता तर त्यानंच मला हाताला धरून बशिवलं असतं."

बाया हसल्या. कुणीतरी विचारलं, विमानात परसाकडं कुठं जातात, आणि गोष्ट तिकडं वळली. मी बॅगेतली एकच घडी पुन्हा पुन्हा घालत होतो. तेव्हा बाहेर जाऊन म्हणता आलं असतं, की मी जागा होतो. ओट्यापर्यंत चार पावलं. मी तेही केलं नाही.

पुढं ती गोष्ट ती अशीच सांगत राहिली. इतकी वर्षं, इतक्यांदा, की रेवालाही ती तशीच आठवते. आता आई नाही. परवा तिच्या वर्षश्राद्धाला सगळे जेवायला बसले होते आणि रेवा — अकरावीत आहे आता — आपल्या मावसभावंडांना हसत हसत सांगत होती: आजी बाबांना विमानातून बाहेर काढायला निघाली होती, पण बाबा गाढ झोपले होते. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हो ना, बाबा?"

मी मान हलवली. आईला नाकारायची ही दुसरी वेळ.

आई आली तेव्हा मी झोपलो नव्हतो. जेवणाचा ट्रे समोर होता, डाव्या हातात पाव होता, उजव्या हातात प्लॅस्टिकची सुरी, आणि मी पावाला लोणी लावत होतो. लोणी फार गार होतं, नीट पसरत नव्हतं.