दोर हाती येण्याआधी

ओल्या काथ्याचा वास आला की मला तुळिंजमधली तिची खोली आठवते. आम्ही दोघे तिशीतले, अविवाहित. दोराने बांधण्याचा, बांधून घेण्याचा खेळ आम्हाला प्रिय होता, आणि त्या दुपारी दोर प्रथमच माझ्या हाती येणार होता. तिने आधी अटी सांगितल्या: गळ्याला दोर लावायचा नाही, आणि ती ‘सुकेळी’ म्हणाली की तत्क्षणी सोडायचे. “‘नको’ तर मी खेळातही म्हणेन रे, सुकी केळी कुणाला आठवतात तेव्हा?” मी हसलो. “आपल्यात कसल्या अटी? विश्वास नाही माझ्यावर?” “आहे, म्हणून तर दार उघडलं. तुला काय चालणार नाही, ते सांग.” “पुरुषाला काय न चालायचंय?” तिने दोर गुंडाळून कपाटात ठेवला. “स्वतःची हद्द ठाऊक नाही, तो माझी काय सांभाळणार? चहा पी आणि घरी जा.” मी रागाने निघालो. आठवड्याने परतलो, तो मला अंधाराची भीती वाटते, माझे डोळे कधी बांधू नकोस, हे आयुष्यात प्रथमच कुणाला सांगायला. आज पन्नाशी उलटली तरी त्या खेळाबद्दल मी कुणाचीही क्षमा मागणार नाही. त्या हसण्याबद्दल मात्र तिची मागितली होती. तिने ती लगेच दिली नाही, हे योग्यच केले.