न्हाणीघरावरचा समुद्र

आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना पन्हळ दाखवली जाते. लोकांच्या घरी बाग दाखवतात, नातवंडांचे फोटो दाखवतात. आमचे हे पाहुण्यांना मागच्या दारी नेतात, मान वर करायला लावतात आणि विचारतात, "काय दिसतं?" पाहुण्यांना कौलांच्या कडेला बसवलेली पत्र्याची पन्हळ दिसते, आणि ती एका बाजूला चांगलीच कललेली दिसते. बहुतेक जण भिडेखातर गप्प राहतात. एकदा एका भाबड्या गृहस्थांनी "पडायला आली आहे का?" असं विचारलं होतं. त्यांना चहा पाऊण तास उशिरा मिळाला.

"पडायला आलेली नाही, तो उतार आहे," हे सांगतात. दहा फुटांना दीड इंच. पत्रेवाला एका इंचाच्या वर जायला तयार नव्हता, वाकडं दिसेल म्हणाला. ह्यांनी शिडीखाली उभं राहून त्याला दीड इंच द्यायला लावला. ह्यांचं म्हणणं असं की एवढा उतार असला की पावसाचं पाणी गळलेल्या पानांचा पातेरासुद्धा ओढून नेतं, पन्हळ आपली आपण धुतली जाते आणि तिला माणसाचा हात लागत नाही. पुरावाही समोरच होता. शेजारच्यांचा फणस आमच्या कौलांवर अर्धा झुकलेला आणि बाराही महिने पानं गाळणारा. तरी बावीस पावसाळ्यांत, पहिले पंधरा दिवस सोडले तर, आमची पन्हळ एकदाही तुंबली नाही की भिंतीला ओलीचा डाग पडला नाही.

ती तुंबली नाही, कारण दर बुधवारी दुपारी मी ती उपसत होते.

हे सगळं पहिल्याच पावसाळ्यात सुरू झालं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळा सकाळची, त्यामुळे दीडला घरी. हे संध्याकाळी सहापर्यंत कचेरीत. एका बुधवारी मी घरी आले तर मधल्या खोलीची भिंत वरच्या कोपऱ्यात काळवंडलेली. नवं घर, नवा रंग. मागच्या दारी जाऊन पाहिलं तर पाणी पाइपातून उतरायचं सोडून पन्हळीच्या काठावरून उलटून भिंतीकडे चाललेलं. मी उघडीप होईपर्यंत थांबले, शिडी लावली, पदर खोचला आणि न्हाणीघराच्या स्लॅबवर चढले. तिथून पन्हळ खांद्याच्या उंचीवर येते. आत फणसाच्या पानांचा लगदा, चिखल आणि एक मेलेली पाल. पाइपाचं तोंड गच्च बसलेलं. नारळाची करवंटी घेऊन मी ते तोंड मोकळं केलं, तेव्हा अडलेलं पाणी असा काही आवाज करत खाली गेलं की मला एकटीलाच हसू आलं.

मग हात झटकत मी मागे वळले आणि मला समुद्र दिसला.

समुद्र म्हणजे फार काही नाही. फणसाच्या आडव्या फांदीखाली आणि पलीकडच्या आंब्यांच्या शेंड्यांवर, ओंजळीत मावेल एवढा तुकडा. पण माझं माहेर केळशीचं. तिथे अंथरुणात पडल्या पडल्या लाटा ऐकू यायच्या, घरातलंच कुणी बोलावं तशा. रत्नागिरीचं स्थळ आलं तेव्हा मला वाटलं होतं की नवरा कसाही निघो, समुद्र तरी सुटत नाही. नवरा चांगला निघाला. समुद्र सुटला. आधी एस.टी. स्टँडमागची भाड्याची खोली आणि मग सड्यावरचं, वरच्या कातळमाळावरचं हे घर, जिथे समुद्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "अगं, भाग्य समज. खारा वारा लागला की खिडक्यांचे गज गंजतात." समुद्र नसणं हासुद्धा ह्यांच्या घराचा एक गुण होऊन बसला होता.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण हे आले, भिंतीवर हात ठेवला, ती सुकत आलेली पाहिली आणि म्हणाले, "बघ, उतार बसायला पंधरा दिवस लागतात म्हटलं नव्हतं का?" असं काही ते म्हणाले नव्हते. पण चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, सांगू उद्या. दुसऱ्या दिवशी हे कचेरीतल्या दोघांना उतार बघायला घेऊन आले. त्यांच्यासमोर काय सांगणार? आणि मग ते सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पण उगाच साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. ह्यांचं मन राखायचं होतं हे खरं, आणि ती जागा मला कुणाला द्यायची नव्हती हे त्याहून खरं. घरात माझी म्हणावी अशी जागा ओट्यासमोरचे चार फूट. तिथेही कुणी ना कुणी पाणी मागायला यायचं. न्हाणीघराच्या स्लॅबवर कुणी काही मागत नाही. पन्हळ उपसायला दहा मिनिटं लागायची आणि मी अर्धा तास बसायचे. बसायला जांभ्या दगडाचे दोन चिरे लावून ठेवले होते. करवंटी पन्हळीच्या आकड्याला अडकवलेली. जूनमध्ये समुद्र गढूळ चहासारखा असतो. जुलैत आभाळ आणि पाणी यांच्यातली रेघच पुसली जाते. ऑगस्टात अलीकडे मातकट आणि लांबवर एक हिरवट पट्टा, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या. निळा होतो तो गणपती गेल्यावर. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण हे मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं.

निवृत्तीनंतर हे दिवसभर घरी राहतील म्हणून मी धास्तावले होते. पण देवाला माझी दया आली. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाची बैठक बुधवारी दुपारी ठरली. हे तिथे जाऊन उतारावर बोलायचे, तेव्हा मी इथे उतारात हात घालून उभी असायचे.

ह्यांची कीर्ती हातखंब्यापर्यंत गेली होती, आणि तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. हेदवीच्या माझ्या नणंदेनं घराला नवी कौलं घातली तेव्हा भावाच्या शब्दाबाहेर न जाता दहा फुटांना दीड इंच उतार दिला. पन्हळीला माणसाचा हात लागत नाही हेही तिने निष्ठेने पाळलं. त्याच पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात पाणी आलं आणि पापडाचे दोन डबे गेले. हे फोनवर म्हणाले, "तुमच्याकडचे गवंडीच बेशिस्त." मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. वन्संच्या पापडांचं पाप माझ्या माथ्यावर होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना दोन डबे पापड करून पाठवले. वन्संना वाटलं, वहिनींचा जीव किती!

यंदा एप्रिलमध्ये माझा उजवा गुडघा गेला. म्हणजे जागेवर आहे, पण डॉक्टरांनी फोटो बघून मान हलवली. उकिडवं बसायचं नाही, जिने जपून आणि शिडी तर विसराच. "या वयात शिडीवर कशाला चढता?" असं त्यांनी विचारलं. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "छे हो, हिला शिडीचं काय काम?"

मृग गेला, आर्द्रा गेल्या. मी बुधवारी मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचे आणि वर बघायचे. फणस आपलं काम करत होता. एखाद्या गड्याला बोलावून पन्हळ साफ करून घेता आली असती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दुसरं कुणी त्या चिऱ्यांवर बसून माझा समुद्र बघेल, हे मला सोसवेना. भिंत भिजली तरी चालेल, असं मी मनात म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं.

भिंत भिजली. आधी त्याच जुन्या कोपऱ्यात बशीएवढा डाग, मग परातीएवढा. ह्यांनी आधी रंगवाल्यावर खापर फोडलं, मग सिमेंटवर, मग हल्लीच्या पावसावर. मी दोनदा म्हटलं, "वर एकदा बघायला हवं." दोन्ही वेळा उत्तर आलं, "वर काय बघायचंय? वर उतार आहे." पाहुण्यांना पन्हळ दाखवणं मात्र आपसूक बंद झालं. हे बुधवारच्या बैठकीलाही जाईनात. डागाकडे पाठ करून पेपर वाचायचे, आणि मधूनच वळून बघायचे. मला वाईट वाटायला लागलं. आणि तरी मी बोलले नाही.

शेवटी नणंद आली. ती चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच दुपारी मधल्या खोलीत आम्ही जेवत असताना भिंतीचा गिलावा सुटून तिच्या ताटापासून हातभर अंतरावर पडला. तिने वर पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि भाताचा घास तोंडात घालत म्हणाली, "दादा, तुमच्याकडचा गवंडी कुठला रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे वर चढले. अंगात रेनकोट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. मी खाली शिडी धरून. वरून आवाज आला, "अगं, अख्खा फणस आहे इथे!" मग काही वेळाने, "करवंटी पण आहे! कावळ्यांनी आणून टाकलेली दिसते." आणि मग, "गवंड्यांनी दोन चिरे इथेच टाकलेत बघ. बेशिस्त कुठले." मी शिडी धरून होते. शिडी हलत होती ती माझ्या हसण्यामुळे.

उताराचा सिद्धांत त्यातूनही वाचला. यंदा फणसाने पानं प्रमाणाबाहेर गाळली, एवढ्या पानांसाठी उतार काढलेलाच नव्हता, असं ठरलं. त्याला आता देखभालीची जोड हवी. पुढच्या आठवड्यात हे पुन्हा चढले आणि वरच्या टोकापासून पातेरा लोटत आले, तो सगळा पाइपाच्या तोंडात जाऊन बसला. तिसऱ्या खेपेला त्यांना शोध लागला की आधी तोंड मोकळं करायचं आणि मग मागे जायचं. हे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावून सांगितलं. मी मान डोलवली. "हे असं सोपं दिसतं," हे म्हणाले, "पण करून बघितल्याशिवाय कळत नाही."

चौथी खेप बुधवारची. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. सकाळपासून उघडीप होती. हे वर गेले, हेल्मेटशिवाय, आता सवय झाली होती. करवंटीचा खरडण्याचा आवाज ऐकू येत होता. पाणी खाली उतरलं, तो आवाजही आला. मग सगळं शांत झालं. मला कळलं. मी शिडी घट्ट धरली.

"अगं!" वरून हाक आली. "तुला माहीत आहे का, आपल्या घरातून समुद्र दिसतो!"

"हो?" मी म्हटलं.

"बावीस वर्षं राहतोय आपण, आणि कुणाला पत्ता नाही! अगं, इथून चक्क दिसतो. आता येईल त्याला इथे आणून दाखवायचं. लोखंडी जिनाच करून घेऊ. तुलाही दाखवला असता, पण तुझा गुडघा."

मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. होऊन गेलं ते होऊन गेलं. उतार त्यांचा, आता समुद्रही त्यांचा. फक्त विचारावंसं वाटलं म्हणून विचारलं, "कसा दिसतोय?"

"कसा म्हणजे?"

"रंग कसा आहे?"

"रंग?" हे म्हणाले. "समुद्राचा असतो तसाच. निळा."

आणि मला राहवलं नाही. बावीस वर्षं जे गिळलं ते एका 'निळा'पायी बाहेर आलं. "निळा नसतो हो ऑगस्टात!" मी ओरडलेच. "नीट बघा जरा. अलीकडे मातकट असतो. लांबवर एक हिरवट पट्टा असतो. उभं राहून तो पट्टा नाही दिसायचा, त्या चिऱ्यांवर बसा आणि फणसाच्या आडव्या फांदीखालून बघा. आणि पौर्णिमा झालीय, आज होड्या असतील."

शेजारच्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. माझा गुडघा ठणकत होता. मग वरून चिरा सरकल्याचा आवाज आला, आणि ह्यांचं डोकं दिसेनासं झालं. खाली बसले होते.

"करवंटी कावळ्यांची नव्हे तर," हे म्हणाले.

"नव्हे."

मी वर बघत उभी होते. मला फक्त स्लॅबची कड दिसत होती आणि तिच्यावर फणसाचं एक पिवळं पान.

"तीन होड्या आहेत," ते वरून म्हणाले, अगदी हळू. "थांब, हलू नकोस. चौथी येतेय, सांगतो."