तेराचा बसेना, चौदाचा सरके

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं लोकांच्या हातात नट-बोल्टांचे पाने दिले, पण स्वतः एकही फिरवला नाही. हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं, तेही माझ्या गाडीचा पंप गळायला लागला म्हणून.

गाडी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. एका डॉक्टरांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. डॉक्टरांना शेड रिकामी करायची होती, आणि मी तिच्या गोल दिव्यांवर भाळलो. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. मोहरीएवढे स्क्रू फिरवण्यात हयात गेली, तेव्हा मोठ्या नटांचं काय एवढं, असा माझा हिशेब. पान्यांची नवीकोरी पेटी आणली. सहा नंबरपासून बत्तीसपर्यंत सगळे पाने कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत. बघूनच मला मिस्त्री झाल्यासारखं वाटलं.

पाण्याचा पंप चार बोल्टवर बसवलेला होता. तेरा नंबरचा पाना लावला, तर जाईना. चौदाचा लावला, तर सैल. सैल तर सैल, म्हणून जोर केला. पाना सटकला, बोटं रेडिएटरवर सोलपटली आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झाले.

"आईला बोलावू?" बायकोने पट्टी बांधता बांधता विचारलं.

"त्या काय करणार?"

"कारखान्यात होती ना ती."

"स्टोअरमध्ये होत्या."

"मग? स्टोअरमध्ये काय फुलं विकायची?"

सासूबाई तासाभरात हजर. वय त्रेसष्ट, उंची बेताची, चालणं मात्र तुरुतुरु. पर्समधून बसचा पास निघाला, गुडघ्याच्या गोळ्या निघाल्या आणि त्याखालून व्हर्नियर निघालं. घरी बसून पाच वर्षं झाली, तरी बाई माप घ्यायचं साधन जवळ बाळगून होत्या! त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, न बिघडलेल्या बोल्टवर व्हर्नियर लावलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"अगं बाई!" त्या ओरडल्याच. "तेरा पूर्णांक तीन! जावईबापू, हे तर तिसऱ्या फळीवरचं माप!"

मला काही उमजेना. मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. बायकोनेही ते सगळं कधी ऐकलं नव्हतं.

तरुणपणी सासूबाईंनी फिटरचा कोर्स केला होता. वर्गात दुसऱ्या आल्या. कारखान्यात गेल्या तर साहेब म्हणाले, बाईमाणसाला मशीनवर कुठे पाठवू, आणि हत्यारांच्या स्टोअरच्या खिडकीत बसवलं. कामगाराने पितळी बिल्ला द्यायचा, बाईंनी हत्यार द्यायचं. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. त्या खिडकीमागे तीन फळ्या होत्या. पहिलीवर मिलिमीटरचे पाने, दुसरीवर इंचाचे. तिसरीवर परदेशातून आलेल्या जुन्या यंत्रांचे, व्हिटवर्थ मापाचे.

"त्यांचं गणितच उलटं," त्या बोटांनी हवेत बोल्ट रेखाटत म्हणाल्या. "पान्यावर पाव इंच लिहिलेलं असतं, आणि जबडा बघावा तर अर्ध्या इंचाहून मोठा. नवी पोरं चक्रावायची. मी सांगायची, बाबांनो, हा आकडा बोल्टच्या डोक्याचा नाही, आटे पाडलेल्या अंगाचा आहे. डोकं त्या हिशेबाने मोठंच असणार. तुमच्या गाडीचं तसंच आहे. तेराचा बसायचा नाही आणि चौदाचा सरकणार. उभा जन्म हेच होणार!"

"मग आता?"

"आता काय? चला!"

"आई, चहा तरी घे," बायको म्हणाली.

"चहा कुठे पळून जातोय?"

जुन्या हत्यारांची गल्ली आमच्या घरापासून तीन चौक लांब. सासूबाई पुढे, मी मागे. त्यांच्या रुमालात पंपाच्या बोल्टसारखाच एक सुटा बोल्ट होता. तो डॉक्टरांनी गाडीबरोबर दिलेल्या सुट्या भागांच्या डब्यात सापडला होता. दुकानदार दाढीवाला, कंटाळलेला. त्याने पायाने एक पोतं पुढे ढकललं. "त्यात असतील. उचला सगळंच."

"सगळं नको. मला हवे तेच घेणार."

त्यांनी पोतं फुटपाथवर ओतलं आणि मांडी घातली. डोळे असे चमकत होते, की जत्रेत सोडलेलं पोरच. एक पाना उचलायचा, जबड्यात बोल्ट धरायचा, हलवून बघायचा. "हा फाकलाय. कुणीतरी दांड्याला पाइप घालून ताकद लावलीय." बाजूला. "याची पाठ बघा, हातोडीने ठोकलेला. पाना म्हणजे काय छिन्नी आहे?" बाजूला. एक मोठा स्क्रू पाना, म्हणजे जबडा कमीजास्त होणारा, मी आशेने पुढे केला. सगळ्याच मापांना चालेल म्हणून.

"सगळ्यांचा मित्र, तो कुणाचाच नाही," त्या म्हणाल्या. "गंजलेल्या बोल्टवर हा नको हं. कोपरे खातो."

मग एक रिंग पाना हाती आला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. "सहा कोनी! बारा कोनी रिंग पटकन बसते, पण जुन्या बोल्टला सहा कोनीच हवी. सगळ्या बाजू धरते." बोल्ट आत गेला, ना अडला ना डुलला. "ऐका," म्हणाल्या आणि बोल्ट पुन्हा बाहेर काढून आत सोडला. टक्. "ऐकलंत? हा आवाज!"

दाढीवाला एव्हाना स्टुलावरून उतरून शेजारी उकिडवा बसला होता. "बाई, आतल्या खोलीत आणखी एक पेटी आहे," तो हळूच म्हणाला.

आम्ही नऊ पाने घेऊन परतलो. सासूबाई रस्ताभर ती पिशवी माझ्या हातात द्यायला तयार नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी रिंग पाना रॉकेलने पुसला आणि सवयीने दांडा माझ्याकडे करून पुढे धरला. मी हात पाठीमागे घेतले.

"तुम्ही काढा, आई."

"मी?" त्या गडबडल्या. "छे, मी नुसते द्यायची. मला कुणी सांगितलंच नाही कधी फिरवायला."

"मी सांगतोय ना."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आपला जुना शर्ट आईच्या खांद्यावर टाकला. सासूबाईंनी बाह्या दुमडल्या, रिंग बोल्टवर बसवली, डावा तळवा पंपावर टेकवला आणि ओढ घेतली. काही हललं नाही. त्यांनी श्वास घेतला, पाय रोवले. खाडकन आवाज आला. मला वाटलं, मोडला!

"सुटला!" त्या किंचाळल्या. "अगं, सुटला गं!" आणि पाना हातात तसाच धरून त्यांनी दोन उड्या मारल्या, गुडघ्यांसकट.

दुसरा बोल्ट त्यांनीच काढला. तिसराही. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांबा हो, मध्ये मध्ये करू नका." माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलं. चौथा मी गोल केलेला. त्याने मात्र दाद दिली नाही. सासूबाईंनी कानस मागवली, डोक्याच्या समोरासमोरच्या बाजू घासून सपाट केल्या आणि एक माप लहान पाना चढवला. तास लागला, घाम निघाला, शर्टाची वाट लागली. शेवटी पंप हातात आला, तेव्हा त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला.

त्यानंतर दर रविवारी नऊच्या ठोक्याला त्या येऊ लागल्या. आल्या की आधी गाडीपाशी, मग घरात. पंप दुरुस्त झाला, ब्रेक झाले, कार्बोरेटर झाला. शेजारचे स्कूटर घेऊन येऊ लागले, तर त्यांनाही विचारू लागल्या, "कुठल्या मापाची आहे?" गुडघे दुखतात का, असं विचारलं की म्हणतात, "रविवारी नाही दुखत."

गेल्या महिन्यात गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. मी चालवत होतो, सासूबाई शेजारी, बायको मागे. चढ संपतो तिथे मागच्या चाकातून करकर ऐकू आली. मी वेग कमी केला. बायको म्हणाली, "झालं! आता हे काय नवीन?"

सासूबाईंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढून कान लावला आणि माझ्याकडे वळल्या. चेहरा फुललेला.

"बेअरिंग!" त्या म्हणाल्या. "उद्या सुट्टी काढा, जावईबापू!"