कुत्र्याचे कान

बारामतीला कॉलेजात असताना एस.टी. स्टँडचा कर्णा माझ्याशी बोलू लागला. इंदापूरची गाडी फलाटावर लागल्याचं सांगून झालं, की पुढची सूचना खास माझ्यासाठी असे. एवढ्या गर्दीत आपलीच निवड झाली म्हणून मी जरा ताठ मानेनं हिंडत असे. मग एकदा त्याच्याच हुकमावरून मी गाडीच्या दारात आडवा उभा राहिलो आणि कुणालाच चढू देईना. तेव्हा घरच्यांनी दवाखाना गाठला.

गोळ्यांनी कर्णा गप्प झाला, पण कुजबूज राहिली. मला डाळजला घरी आणलं. आबा, म्हणजे वडील, म्हणाले, "दिवाळीपतूर नीट ऱ्हायलास तर कॉलेज. न्हायतर हितंच." माझा सगळा जीव कॉलेजात अडकलेला.

आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. अंधारात काही वाजलं की आधी कुत्र्याचे कान बघायचे, ही घरची रीत. मेंढरं गेली, एक कुत्रा उरला. मी पडलो शास्त्राचा विद्यार्थी, लगेच प्रयोग सुरू केला. आवाज आला की कुत्र्याकडे बघायचं. कान हलले तर आवाज खरा, नाहीतर माझ्या डोक्यातला. झकास चाललं होतं. कानावर आलेल्या कितीतरी शिव्या मी त्याच्या भरवशावर सोडून दिल्या.

एका दुपारी उसाकडून आईचा आवाज आला, "पाट फुटला, मोटार बंद कर!" कुत्रा ढिम्म. मीही ढिम्म. आवाज रडकुंडीला आला तरी मी ओसरीवर हसत बसलो. केवढी ही सुधारणा! तिकडे काढून ठेवलेला कांदा पाण्यात पोहत होता.

"संपलं कॉलेज," आबा म्हणाले. मी घाबरून प्रयोगाची सगळी हकीकत सांगितली. आई उठली आणि कुत्र्याच्या मागं जाऊन तिनं परात आपटली. त्यानं मान वळवली नाही. म्हातारं ठार बहिरं झालं होतं.

आबांना हसू आवरेना. "डोकं चालतंय की लेका. साक्षीदारच बाद निघाला!" सोडून दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या त्यांच्याच असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

दिवाळीनंतर मी बारामतीच्या गाडीत बसलो. खालून कुणीतरी विचारलं, "गोळ्या घेतल्यास का?" कुत्रा जवळ नव्हता. घाबरून मी समोरच बघत राहिलो. तेवढ्यात गर्दीत घुसून आई वर आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मीच हाय," ती म्हणाली. "घेतल्यास का?"

"घेतल्या."

कंडक्टरनं घंटी मारली तरी तिनं हात काढला नाही.